खालची खोली

आमच्या घरात माणसांना जागा नव्हती, पण मोडक्या सामानाला स्वतंत्र खोली होती.

डहाणूला खाडीच्या बाजूला जमीन उतरती, म्हणून घराच्या मागच्या पडवीखाली आपोआपच एक तळघर तयार झालं होतं. आजोबांनी ती खोली चिकू पिकत घालायला बांधून घेतली. पुढे चिकू पेट्यांत भरून परस्पर मुंबईला जायला लागले आणि खोलीत घरातलं जे जे मोडेल ते ते जाऊन पडायला लागलं. मोडायचंही खूप! आप्पा, आई, काका, काकू, आत्या, चुलत भावंडांची पलटण... एवढ्या हातांत धड काय राहणार?

माझं लग्न झालं तेव्हा मी शाळेत मास्तर होतो आणि जगाला शिस्त लावता येते असं मला वाटायचं. लग्नानंतर सुमन माजघरात आत्याच्या शेजारी झोपायची आणि मी पडवीत काकांच्या शेजारी. (आत्या घोरायची. काका झोपेत भाषणं करायचे.) बायकोशी एकांतात बोलायचं तर विहिरीवर गाठावं लागे. तिथेही कोणीतरी कळशी घेऊन हजर!

होळीच्या आधी सुमन तलासरीला माहेरी गेली. जाताना विहिरीवर म्हणाली, "अहो, पहिली होळी म्हणून मी येईनच. बाबा पण येणारेत सोडायला. पण तोपर्यंत आपल्याला खोली नसली, तर मी त्यांच्याबरोबर परत जाईन हां."

"खोली झालीच समज!" मी म्हणालो. "वर सागाचा नवा पलंगही करून घेतो. चारी पायांवर कमळं!"

ती हसली. ते हसू बघून मी दुसऱ्याच दिवशी खालच्या खोलीत शिरलो.

पहिल्यांदा रहाटाचं मोडकं चाक बाहेर काढलं. पाठोपाठ आप्पा आले.

"वसंता, ते कुठे नेतोस?"

"आप्पा, विहिरीवर आता इंजिन आहे."

"आणि इंजिन बंद पडलं म्हणजे?"

"या चाकाला निम्मे आरेच नाहीत!"

"निम्मे आहेत ना?" असं म्हणून आप्पांनी चाक स्वतः गडगडत आत नेलं.

मग मी पाळणा काढला. त्याला तळ नव्हता. आत्या धावत आली. "मेल्या, तुझ्याच पोरांसाठी जपलाय तो!" (पाळणा हलायला आधी आम्हाला खोली नको का, हे आत्याला कसं सांगणार?) पाळणा आत. आईचे चिरलेले पोळपाट निघाले, तेही आत. काकांचं एक कपाट होतं, त्याला दारं नव्हती, फळ्या नव्हत्या, पाठही नव्हती. म्हणजे ते कपाट आहे हे फक्त काकांना ठाऊक! "शिसवीचं आहे," ते म्हणाले. कपाट आत. मी पुढच्या दाराने जे काढी, ते मागच्या दाराने परत येई. होळी तोंडावर आली तरी खोली जशीच्या तशी होती. उलट काकूने मध्येच एक तुटकी शिडी नवीन आणून ठेवली! मला रडू यायचं बाकी होतं.

आणि मग मला होळीच सुचली.

आमच्याकडे होळीच्या दिवशी आळीतली पोरं कोणाच्याही अंगणातलं लाकूड उचलून नेतात. विचारायची पद्धत नाही, ओरडायची सोय नाही, आणि एकदा होळीवर चढलेलं लाकूड परत मागणं म्हणजे महापाप. मी पोरांचा म्होरक्या चंदू याला गाठलं.

"चंदू, आज दुपारनंतर आमच्या अंगणात जेवढं लाकूड दिसेल तेवढं उचल."

"मास्तर, घरचे ओरडतील ना!"

"ओरडले तरी थांबायचं नाही. एक फळी मागे ठेवायची नाही. मी सांगतोय!"

"तुम्ही बोललात म्हणजे झालं," चंदू म्हणाला.

मी घरात जाहीर केलं, "खोलीला चुना मारायचाय, सामान तेवढ्यापुरतं अंगणात ठेवतो." कोणी हरकत घेतली नाही. सगळं बाहेर काढलं, एकट्याने चुना मारला. इतक्यात आशागडहून सुताराची बैलगाडी पलंग घेऊन आली. काय पलंग होता! भिंती अजून ओल्या, म्हणून पलंग गोठ्याशी, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला ठेवला आणि मी उड्या मारतच एस.टी. स्टँडवर गेलो.

गाडी तास-दीड तास उशिरा आली. सुमन आणि सासऱ्यांना घेऊन परतलो तर अंगण झाडून काढल्यासारखं स्वच्छ! रहाट नाही, पाळणा नाही, कपाट नाही. पलंगही नाही, म्हणजे घरच्यांनी तो आत लावला असणार. मला भरून आलं.

"आधी होळीवर जा!" आई आतून ओरडली. "पेटलीसुद्धा! नवं जोडपं पहिल्या होळीला उशिरा जातं होय?"

आम्ही गेलो. होळी माडाएवढी भडकली होती. नारळ वाहिला, प्रदक्षिणा सुरू केली. सासरे कौतुकाने बघत होते. अर्ध्या फेरीत सुमन थबकली.

"अहो, ते कमळ बघितलंत का?"

"कुठलं कमळ?"

"ते, जळतंय ते. त्याच्या बाजूला अजून एक आहे."

मी बघितलं. आणि अशी बोंब मारली की मुलखात ऐकू गेली असेल! होळीला सगळेच बोंबलतात, त्यामुळे कोणी दखल घेतली नाही. उलट एक म्हातारे म्हणाले, "वा! मास्तरांचा गळा चांगला आहे."

"मास्तर!" चंदू छाती काढून पुढे आला. "अंगणात तेवढं एकच लाकूड होतं हां. एक फळी मागे नाही ठेवली!"

घरी गेलो. घामाने भिजलेली सगळी माणसं ओळीने उभी होती. एरवी या घरात दोघांचं एकमत होत नसे. "थोडक्यात वाचलो रे!" आप्पा म्हणाले. "आज होळी, हे तुझ्या डोक्यातच नाही! पोरं यायच्या आत सगळ्यांनी मिळून सामान आत टाकलं, आणि आत लावत बसलो तोवर पोरं येऊनही गेली!"

सासऱ्यांनी कंदील घेऊन खालच्या खोलीत डोकावलं. "खोली छान आहे, जावईबापू," ते म्हणाले. "पण सुमन कुठे मावणार?"

सुमन परत गेली नाही. तिने बिछाना उचलला आणि आत्याजवळ नेऊन घातला. मी काकांचं भाषण ऐकायला पडवीत गेलो.

पुढल्या वर्षी स्टेशनजवळ आम्हाला भाड्याची खोली मिळाली. मी भीतभीत आप्पांना सांगितलं. वाटलं, आई रडेल, आत्या आडवी पडेल, काका तरी हात धरतील. आप्पांनी पडवीतली माझी जागा डोळ्यांनी मापली आणि म्हणाले, "बरं झालं. शिडी तिथे ठेवता येईल."

त्या घरातून कोणाचीही हरकत न येता बाहेर गेलेली एकमेव वस्तू म्हणजे मी!