हेमालीच्या पुस्तकातील नोंद

रंजिताबाईंनी सातवीच्या वर्गाला जूनमध्येच बजावले होते, की निबंध स्वतःच्या डोक्याने लिहायचा. एआयकडून लिहून आणलेला निबंध त्या तपासणार नाहीत. राहनाळजवळच्या त्या शाळेत बाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रगतिपुस्तकात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद करावी लागते. इतर शिक्षक ठरावीक वाक्ये उतरवीत. बाई मूल डोळ्यांपुढे आणून लिहीत.

यंदा मात्र ऑनलाइन माहिती भरता भरता बाई मेटाकुटीला आल्या. तेव्हा नवे शिक्षक विपुल सर म्हणाले, "बाई, एकेका मुलाबद्दल दोन शब्द सांगा, बाकीचं एआय लिहील. तुमच्याहून गोड लिहील."

"गोड लिहायला तो काय हलवाई आहे?" असे म्हणत बाईंनी हजेरीच्या क्रमाने शब्द सांगितले. हेमालीपाशी त्या थांबल्या. "अबोल. समंजस."

हेमाली अंबाडीला आजीकडे वाढलेली. आई कमळा काल्हेरच्या गोदामात पॅकिंगला लागल्यावर तिने मुलीला आपल्याजवळ आणले. परंतु वर्षभरात पोरीने वर्गात तोंड उघडले नव्हते. "हितं रुळली न्हाय तर धाडते परत आजीकडं," असे कमळाने दिवाळीतच सांगून ठेवले होते. माय-लेकींची ताटातूट व्हावी, हे बाईंच्या जिवावर येई.

पालकसभेला कमळा अर्धी शिफ्ट सोडून लेकीला घेऊन आली. तिला वाचता येत नव्हते. "बाई, काय लिवलंय ते जरा सांगा."

विपुल सरांनी छापून चिकटवलेली नोंद बाईंनी मोठ्याने वाचली, "वर्गात धीटपणे बोलते. गटचर्चेत पुढाकार घेते."

बाईंनी ओळ पुन्हा एकदा पाहिली. हे वर्णन हजेरीत हेमालीच्या पाठोपाठ येणाऱ्या भाविकाचे होते. यंत्रमागावर काम करणारे एक कुटुंब वर्षाच्या मध्येच आपल्या मुलुखाला परतले होते. त्यांच्या मुलाचे नाव विपुल सरांच्या यादीतून वगळायचे राहिले, बाईंचे शब्द एकेक घर वर सरकले आणि त्याच्यानंतरच्या प्रत्येकाला पुढच्या मुलाची नोंद मिळाली. निघून गेलेल्या मुलालासुद्धा एक सुरेख नोंद लाभली होती!

कमळाचा चेहरा उजळला. "म्हंजे पोरगी बोलती! मंग कशाला धाडू अंबाडीला?"

बाई गप्प राहिल्या. गप्प राहिले, तर एक घर एकत्र राहणार होते. वर्षानुवर्षे चुकीचा काना खपवून न घेणाऱ्या बाईंना ते मौन क्षणभर फार सोयीचे वाटले.

तेवढ्यात हेमालीने आईचा पदर ओढला. "आये, ह्ये माजं न्हाय. भाविकाचं हाय."

तिचा आवाज असा जरा घोगरा आहे, हे कुणाला ठाऊकच नव्हते.

मागून भाविका ठसक्यात म्हणाली, "बाई, आमाला एआय नको म्हणता, आन् तुमीच लिवून घेतलं?" मुले फिदीफिदी हसली. तिच्या आईने तिला चिमटा काढला.

"घेतलं," बाई म्हणाल्या. "आणि घेतलं ते घेतलं, वाचूनही पाहिलं नाही."

कमळाचा चेहरा पडला. "मंग माजी बोलत न्हाय तर?"

"कमळाताई, आत्ता खरं कोण बोललं? मी तर गप्प बसले होते."

कमळा लेकीकडे पाहतच राहिली.

विपुल सर ओशाळून म्हणाले, "यादी सरकली, बाई. दोन मिनिटांत नीट करून देतो."

"यादी जरूर नीट करा. ते ऑनलाइनचं कामही एआयकडूनच करून घ्या. ह्या नोंदी मात्र मीच हाताने लिहीन."

बाईंनी चिकटवलेला कागद हलकेच सोडवला, पेनाचे टोपण काढले आणि लिहिले, "थोडे बोलते. खरे बोलायला कचरत नाही."

वाचून दाखवल्यावर कमळा म्हणाली, "ह्ये पोरीचंच हाय." मग लेकीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाली, "ऱ्हा हितंच. पण घरी कालवणाला नावं ठेवायला तोंड उघडतीस, तसं हितंबी उघड."


भाविकानेही आपले प्रगतिपुस्तक नोंदीचे पान उघडून बाईंच्या टेबलावर आणून ठेवले. तिच्यामागे रांग लागली.