दोऱ्याबाहेरचा गुडघा

आबा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत, आधी गुडघ्यांकडे. विभागात नवा डॉक्टर रुजू झाला की बाकीचे त्याला नाव-गाव विचारत. आबा त्याला दारापासून टेबलापर्यंत चालू देत आणि मग नमस्कार करत. पुतणीला बघायला आलेल्या मुलाबद्दल घरच्यांनी मत विचारलं तेव्हा म्हणाले होते, "पोरगा चांगला हाये, पन भार सगळा उजव्या पायावर देते. लहानपनी पडेल हाये का, विचारा त्याले." पडलेला होता. लग्न तरीही झालं, आणि तो जावई आबांचं नाव निघालं की अजून पाय जवळ घेऊन बसतो.

धुळ्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात आबा प्लास्टर रूम सांभाळत. मूळचे जळगावजवळच्या असोद्याचे, त्यामुळे तीस वर्षं धुळ्यात काढूनही बोलणं असोद्याचंच राहिलं. मी तिथे हाडांच्या विभागात पदव्युत्तर शिक्षण घेत होते, विभागातली एकटी मुलगी. मी घातलेलं पहिलं प्लास्टर त्यांनी माझ्यादेखत कापून काढलं आणि पुन्हा घातलं. वर पेशंटच्या आईला सांगितलं, "ताईनं घातलं ते बी चांगलंच व्हतं, म्या फक्त पक्कं केलं." मला राग आला होता. दोन महिन्यांनी त्याच आबांकडे मी डबा खायला बसायला लागले.

त्यांच्या शर्टाच्या खिशात एक सुती दोरा असे, मेण लावून गुळगुळीत केलेला. मुलाला टेबलावर झोपवायचं, दोऱ्याचं एक टोक खुब्यावर, दुसरं घोट्याच्या मधोमध धरायचं. पाय सरळ असेल तर दोरा गुडघ्याच्या बरोबर मधून जातो. गुडघा आत किंवा बाहेर पडला की आबा बोटं लावून सांगत, आत दोन बोटं, बाहेर एक बोट. आमच्याकडे अख्ख्या पायाचा एक्स-रे निघत असे, कोन मोजायला संगणक होता, तरी विभागप्रमुख सर फिल्म बघण्याआधी विचारत, "आबा, किती?"

सरांचं तेव्हा वाकड्या पायांच्या मुलांवर संशोधन चालू होतं आणि माझा प्रबंध त्याचाच एक तुकडा होता. वाढत्या मुलाच्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो, हाड तिथूनच लांब होतं. त्या थराच्या एका बाजूला दोन स्क्रूंनी एक छोटी प्लेट बसवली की ती बाजू थांबते, दुसरी वाढत राहते आणि वाकडा पाय हळूहळू आपोआप सरळ होतो. हाड कापावं लागत नाही. अट एकच. पाय सरळ झाला की प्लेट वेळेवर काढायची. नाही काढली तर पाय थांबत नाही, उलट्या बाजूला वाकू लागतो. मी हे नातेवाइकांना दहा मिनिटं चित्र काढून समजावत असे. आबा एका वाक्यात सांगत, "प्लेट आत हाये तोवर इलाज चालू हाये, पाय कसा बी दिसो."

आमची निम्मी मुलं सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येत. त्यांचे आईबाप मजुरीसाठी वर्षातले सात-आठ महिने बाहेर, बहुतेक गुजरातेत. केसपेपरवर फोन नंबर असे तो मुकादमाचा. काम संपलं की मुकादम बदले आणि नंबर बंद लागे. म्हणून आबा नंबर विचारतच नसत. ते विचारत, "तुमचा भोंगऱ्या कोन्या गावचा?" होळीच्या आधीच्या आठवड्यात डोंगराकडच्या गावांतून भोंगऱ्या बाजार भरतो. ढोल वाजतात, जिथे कुठे असतील तिथून माणसं त्यासाठी घरी येतात. आबांच्या एका वहीत मुलाचं नाव, बोटं आणि भोंगऱ्याचं गाव, एवढंच लिहिलेलं असे. मी त्या वहीला हसत असे, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

रुमली अकरा वर्षांची होती. लहानपणी मुडदूस झालेला, उजवा गुडघा आत इतका गेलेला की चालताना डाव्यावर घासून काळा पडला होता. आबांचा आकडा होता आत चार बोटं. प्लेट बसवून वर्ष झालं आणि ती दिवाळीच्या आधी दाखवायला आली तेव्हा एकच बोट उरलं होतं. तिचा बाप हरखून गेला होता. मुलीला पुन्हा पुन्हा व्हरांड्यात चालायला लावत होता आणि तीही लाजत, हसत चालत होती.

अजून चार-एक महिन्यांनी प्लेट काढायची हे उघड होतं. आबा म्हणाले, "ताई, होळीचं लिहा. भोंगऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या म्हना, ते येतीन." पण माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात दर सहा महिन्यांनी तपासणी होती. सगळ्या मुलांची मापं सारख्या अंतराने घेतली नाहीत तर परीक्षक विचारतील, ही माझी भीती. मी कार्डावर मे महिन्याची तारीख घातली. आबा म्हणाले, "मे महिन्यात ते कुठी राहतीन, हे त्याइले तरी ठाव हाये का?" मी म्हणाले, "आबा, कार्डावर लिहून दिलंय ना." आबांनी पुढे वाद घातला नाही. मी डॉक्टर होते आणि ते प्लास्टर रूमचे कर्मचारी. त्यांनी वाद घालायला हवा होता, असं मला आजही वाटतं, आणि असं वाटून घेणं सोपं आहे हेही कळतं.

मे महिन्यात रुमली आली नाही. मुकादमाचा नंबर बंद. प्रबंध द्यायची वेळ जवळ आली होती. दिवाळीचा एक्स-रे समोर होता, पाय ज्या वेगाने सरळ होत होता तो वेग समोर होता. मी हिशेबाने पुढचा कोन काढला आणि तिच्या नावापुढे लिहिलं, 'निष्पत्ती: उत्कृष्ट'. आबांनी तो तक्ता माझ्या टेबलावर बघितला. "ही पोरगी कधी आलती?" त्यांनी विचारलं. मी दिवाळीची फिल्म पुढे केली. त्यांनी तक्ता होता तसा खाली ठेवला आणि आठवडाभर मला डब्याला बोलावलं नाही.

पुढच्या होळीला आबा रजा टाकून तिच्या भोंगऱ्याला गेले. त्या वर्षी ते कुटुंब आलंच नव्हतं, मालकाने सोडलं नव्हतं म्हणे. त्याच्या पुढच्या वर्षी ते पुन्हा गेले. तोवर मी पास होऊन तिथेच नोकरीला लागले होते, म्हणून बरोबर गेले. एवढ्या गर्दीत, ढोलांच्या आवाजात, चांदीचे दागिने घालून नटलेल्या मुलींमध्ये मी रुमलीचा चेहरा शोधत होते. आबा खाली बघत चालले होते. त्यांनीच ती शोधली. "ती पाहा," ते म्हणाले, आणि मला आधी पाय दिसला. गुडघा आता बाहेर गेला होता, धनुष्यासारखा.

तिच्या बापाने मला ओळखलं. भांडला नाही. म्हणाला, "तूच बोलली होती ना, सरळ होतं म्हणून. सरळ झालं होतं. मग आम्ही कशाला येऊ?" कार्ड त्याने जपून ठेवलं होतं, प्लास्टिकच्या पिशवीत. त्यावरची तारीख त्याला वाचता येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो मुलीला घेऊन धुळ्याला आला, तो केवळ आबांच्या शब्दावर. आम्ही प्लेट काढली. पण कूर्चा मिटत आली होती, पाय आपोआप परतण्याइतकी वाढ आता शिल्लक नव्हती. हाड कापून बसवणं हाच मार्ग होता. ते सांगितल्यावर बापाने मुलीचा हात धरला. मग म्हणाला, "एकदा तुझं ऐकलं." आणि तिला घेऊन गेला. तो परत आला नाही.

आबा दर वर्षी भोंगऱ्याला जात राहिले. बापाची समजूत काढत, रुमलीच्या पायाला दोरा लावत, आकडा वहीत लिहून येत. निवृत्त होऊन असोद्याला गेल्यावरही जात. तोवर त्यांच्याच गुडघ्यांतली कूर्चा झिजून संपली होती. एसटीच्या पायऱ्या बाजूने चढत. मी तेव्हा जळगावात मेहरूणला दवाखाना टाकला होता. सांधे बदलून घ्या म्हणून मी मागे लागले तर आबा म्हणत, "लोकाइचे सरय करता करता माहेच वाकडे झाले. राहू द्या आता." गेल्या वर्षी मात्र त्यांनी निरोप पाठवून मला बोलावून घेतलं आणि दोरा हातात दिला. "अवंदा तुम्ही जा. तिले सांगा, डॉक्टर बाईच आली." मी हो म्हणाले. होळीला महिना असताना आबा गेले. त्यांना न्यायला गावातली माणसं जमली तेव्हा मी एका कोपऱ्यात उभी राहून मनसोक्त रडले, आणि डॉक्टर एवढ्या का रडतात हे कोणाला कळलं नाही.

मी भोंगऱ्याला गेले. रुमली आता बाई झालेली, कडेवर वर्षाची मुलगी. तिनेच मला हाक मारली. "दोरावाला आबा नाही आला?" मी सांगितलं. ती मुलीला बाजूला बसवून तिथेच मातीत बसली आणि पाय लांब केला.

मी गुडघे टेकले आणि दोरा लावला.

"किती?" तिने विचारलं.

"चार बोटं. बाहेर."

"आबा पण चारच सांगे," ती म्हणाली. तिने लुगडं खाली केलं, मुलीला उचललं आणि एका बाजूला झुकत गर्दीत निघून गेली. ऑपरेशनचं बोलायला मी आणलेले शब्द माझ्यापाशीच राहिले.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझा प्रबंध अजून आहे. नवी मुलं तो संदर्भाला घेतात. त्यात रुमलीच्या नावापुढे 'उत्कृष्ट' असंच लिहिलेलं आहे.