बंदुकीला मिळालेला उजवा कौल

आमच्या घरात सगळ्यांत जास्त मान कुणाला असेल तर तो बंदुकीला. खंडेनवमीला कोयते, विळे, पहारी यांना एकेक झेंडूचं फूल मिळायचं आणि बंदुकीला हार. माझ्या लग्नातसुद्धा मला मिळालेला हार तिच्या हारापेक्षा बारीक होता, असं मी अजून म्हणते आणि माझा भाऊ अजून चिडतो.

गुहागरच्या बाजूला आमची बाग आहे. आंबा, नारळ, थोडी सुपारी. वडिलांनी शेतीच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना काढला होता. ते गेल्यावर तो रीतसर माझ्या मोठ्या भावाच्या, म्हणजे दादाच्या नावावर झाला. काम एकच, वांदरांना पळवणं. वांदराला मारायचं नाही, हवेत बार काढायचा. आमच्याकडची वांदरं काठीला भीत नाहीत, दगडाला भीत नाहीत, फटाक्याला आठवडाभर भितात आणि मग तोही पाठ करतात. एकदा दादा घरी नसताना मी छत्री बंदुकीसारखी खांद्याला लावून बागेत गेले. अगदी पावलं टाकत, डोळे बारीक करून. त्यांच्या म्होरक्याने फांदीवरून माझ्याकडे असं पाहिलं, जसं पहिल्या रांगेतला मुरलेला प्रेक्षक वाक्य विसरलेल्या नटाकडे बघतो. मग त्याने शांतपणे हापूस तोडला, एक चावा घेतला आणि माझ्या पायाशी टाकला.

तर बंदूक लागायची. आणि ती दादाच्याच हातात लागायची. आणि दादाला आजार होता.

आजार असा, की वर्षातले काही महिने तो तुमच्याआमच्यासारखा. काही आठवडे तो तुमच्याआमच्यापेक्षा फार जास्त. तेव्हा तो पहाटे उठून विहिरीवर गाणी म्हणायचा, तीन गावांच्या लोकांना जेवायला बोलवायचा आणि बागेत रोपवाटिका, मधाच्या पेट्या, झालंच तर शहामृग पाळायचं ठरवायचा. आणि आंबा संपला, आंब्याच्या शेवटच्या पेट्या विकल्या गेल्या, की तो उतरायचा. भिंतीकडे तोंड करून पडायचा ते पडायचाच. आंघोळ नाही, बोलणं नाही. मागच्या वर्षी त्या दिवसांत वहिनीने भर दुपारी त्याला माजघरात बसलेला पाहिलं. मांडीवर बंदूक. काही करत नव्हता. नुसता तिच्यावरून हात फिरवत होता. वहिनी ताकाचा तांब्या घेऊन त्याच्या शेजारी बसली आणि ऊन उतरेपर्यंत उठली नाही. पुढे तो सावरेपर्यंत तिने डोळ्याला डोळा लावला नाही.

सगळ्या कोकणात कुणाचं डोकं फिरलं की म्हणतात, “ह्याला रत्नागिरीला न्या.” कारण मोठं मनोरुग्णालय आमच्या शहरात. मी तिथेच मांडवीला राहते, त्यामुळे मला तर आधीच नेऊन झालेलं आहे. दादा जयगडची फेरीबोट धरून माझ्याकडे यायचा आणि आम्ही दोघं एका डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात जायचो. त्या माझ्या मुलीच्या वयाच्या. या वैशाखात त्यांनी औषधं लिहिता लिहिता, मीठ कुठे ठेवलंय असं विचारावं तशा आवाजात विचारलं, “घरात बंदूक आहे का?”

दादा म्हणाला, “आहे. वांदरांसाठी.”

“ती घरात नको. आणि हे तुम्ही बरे असतानाच व्हायला हवं. नंतर तुम्हाला ते जमणार नाही.”

दादाने औषधांचा कागद घडी करून खिशात घातला. परत येताना एवढंच बोलला, “वांदरांना काय सांगू गो?”

आंबा संपायला थोडेच दिवस उरले होते.

मी दुसऱ्या दिवशी बागेत हजर. वहिनीला म्हटलं, “गवताच्या उडवीत खुपसून टाकू. नाहीतर मी घेऊन जाते मांडवीला.”

“वन्सं, ती तुमच्या हातात सापडली तर तुम्हाला धरतील. परवाना ह्यांचा. न्यायची तर ह्यांनीच न्यायची.”

“मग पोलिसांना सांग, की ह्याला बरं नसतं. ते येऊन घेऊन जातील.”

वहिनी विळीवर फणस चिरत होती. ती थांबली. “आणि उद्या धाकटीला स्थळ आलं की लोक काय सांगतील? बाप वेडा, पोलीस बंदूक काढून घेऊन गेले. गावाला ह्यांची पाठ दुखते एवढंच माहीत आहे. तेवढंच राहू दे.”

मग मला युक्ती सुचली आणि मी स्वतःवर अतोनात खूश झाले. देवाला विचारायचं! आमच्या गावात घराची चौकट कुठे बसवायची इथपासून मुंबईची नोकरी सोडायची का इथपर्यंत सगळं ग्रामदेवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्यालाच कौल म्हणतात. देवाने ‘बंदूक नको’ म्हटलं की प्रश्न मिटला. आजाराचं नाव नको, पोलीस नकोत, लोकांची तोंडं नकोत. देवाची इच्छा!

गुरवाला मी आदल्या दिवशी गाठलं. “डावी पाकळी जरा कमी ओली करा की.”

तो हसला. “ताई, चिकटवायचं माझ्याकडं. पडायचं पाकळीकडं. नसता गुन्हा माझ्याकडनं करून घेऊ नका.”

“अहो, जरा म्हणजे जराच.”

“व्हा पुढं!”

सकाळी दादाला घेऊन आम्ही देवळात गेलो तर वाडीतली पंधरावीस माणसं जमलेली, कारण आमच्या गावात कौल कुणाचाही असो, ऐकायला सगळे. सभामंडपात मुंबईकर मंडळाने नवाकोरा पंखा दिला होता आणि उकाडा मरणाचा, म्हणून तो गरगरत होता. गुरवाने पाकळ्या लावल्या, हात जोडले आणि आवाज चढवला.

“बा देवा महाराजा! आज हे तुझं लेकरू तुझ्या पायाशी आलंय...”

“होय महाराजा!” सगळे म्हणाले. प्रत्येक वाक्याला असं म्हणायचंच असतं.

“बागेच्या राखणीचं हत्यार ह्यांच्या घरात आहे...”

“होय महाराजा!”

“ते घरात राहावं अशी तुझी मर्जी असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे!”

“होय महाराजा!”

सगळे टक लावून बसले. मी डाव्या पाकळीकडे अशी बघत होते, की दुसरी एखादी असती तर लाजून पडली असती. पंखा फिरला. उजवी पाकळी थरथरली, सुटली आणि टपकन खाली आली.

देवाने बंदुकीच्या बाजूने मत दिलं होतं.

“उजवा! घसघशीत उजवा!” गुरव म्हणाला आणि माझ्याकडे बघायचं त्याने टाळलं.

“तो पंखा...” मी तोंड उघडलं.

“पंख्याचं नाव घेऊ नकोस,” दादा म्हणाला. “देवाने दिला तो दिला.”

वहिनी खांबाला टेकली. तिचा चेहरा मला बघवेना. आता देवाचा शब्द मोडून घरातून बंदूक काढायची कुणाची छाती होती? लोक चपला शोधायला लागले. तेवढ्यात दादा पुढे झाला, गुरवाला त्याने हाताने हळूच बाजूला केलं आणि तो स्वतः देवासमोर उभा राहिला. गाऱ्हाणं गुरवाने घालायचं असतं. दादाने हात जोडले.

“देवा महाराजा,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही, शेजारच्याशी बोलावं तसा बोलला. “तू ठेव म्हणालास. तुझ्या जागी मी असतो तर मीपण हेच म्हणालो असतो.”

लोक चपला सोडून वळले. कुणीतरी सवयीने म्हणालं, “होय महाराजा.”

“तुला माझं एकच तोंड माहीत आहे. शिमग्याला पालखी नाचवतो ते. दुसरं तोंड मी तुझ्यासमोर कधी आणलं नाही. त्या दिवसांत मी उंबऱ्याबाहेरच येत नाही. तुला कोण सांगणार?”

“होय महाराजा,” आणखी दोघेतिघे.

“माझी पाठ दुखत नाही. मला मनाचा आजार आहे. रत्नागिरीला औषध चालू आहे.”

मी वहिनीकडे पाहिलं. तिने पदर तोंडात धरला होता. गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या, सगळ्यांत भांडकुदळ काकूने, जिच्याशी आमचं दोन बागांमधल्या दगडी गडग्यावरून वर्षानुवर्षं वाकडं, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हटलं, “होय महाराजा!” तिच्यामागून सगळा मंडप म्हणाला.

“त्या दिवसांत ती बंदूक मला हाक मारते. मागच्या वर्षी मारली.”

“होय महाराजा!” या वेळी आवाज फुटलेला होता.

“म्हणून मी आज विचारायला आलो नाही. सांगायला आलोय. ती मी नेऊन देतो. तुझा शब्द मोडल्याचा राग माझ्यावर धर, घरच्यांवर धरू नकोस. आणि वांदरांना तूच काय ते सांग.”

“होय महाराजा!”

मी उभ्या आयुष्यात इतकी नाटकं पाहिली, काहींमध्ये तोंडाला रंग लावून उभीही राहिले. पण अंगावर असा काटा कधी आला नव्हता. गुरव पुढे आला, त्याने पडलेली पाकळी उचलून दादाच्या हातावर ठेवली आणि पुटपुटला, “पोचलं हो. देवाला पोचलं.”

त्याच दिवशी दादाने बंदूक पोत्यात गुंडाळली, परवाना खिशात घातला आणि आम्ही तिघं पोलीस ठाण्यात गेलो. निवडणुकीच्या वेळी बंदुका तिथे जमा करायची सगळ्यांना सवय, म्हणून हवालदार बुचकळ्यात पडले.

“आता कुठली निवडणूक, काका? दुरुस्ती आहे का? काय कारण लिहू?”

“मालकाला मनाचा आजार आहे, असं लिहा. परवानाही परत करायचाय, त्याला काय करावं लागतं तेही सांगा.”

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. दादाकडे पाहिलं, मग आमच्याकडे, मग उठून खुर्ची पुढे केली. बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली, काय काय करावं लागेल ते नीट समजावलं. आम्ही निघालो तर पायऱ्यांपर्यंत मागून आले. टोपी हातात.

“काका, ते औषध... कुठल्या डॉक्टरांचं? माझा मेहुणा असाच पडून असतो.”

दादाने तिथेच भर अंगणात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर हवेत बोटाने रस्ते काढून पत्ता सांगितला. डावीकडे वळा, बेकरी लागेल, मग जिना. “बाई लहान दिसतात, पण घाबरू नका, हुशार आहेत.”

वांदरांनी यंदा शेवटचा आंबा मनसोक्त खाल्ला. देवाने त्यांना काही सांगितल्याचं दिसलं नाही. काकू मात्र रोज सकाळी गडग्यावर चढून त्यांना अशा शिव्या द्यायची, की निम्मी वांदरं लाजेने शेजारच्या वाडीत गेली.

मग आंबा संपला आणि दादा उतरला. औषध घेऊनही उतरला, थोडा कमी, पण उतरलाच. भिंतीकडे तोंड. मी त्याला भेटायला गेले तेव्हा दुपार होती. दार सताड उघडं. दादा खाटेवर तसाच, पाठमोरा. आणि खाली चटईवर, तोंड उघडं टाकून, हात पसरून वहिनी गाढ झोपली होती. घोरत होती, चांगली लाकूड चिरल्यासारखी. मी उंबऱ्यातच थांबले.

बऱ्याच वेळाने भिंतीकडून आवाज आला. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच बोलत होता, हे मला नंतर कळलं.

“उठवू नकोस हो तिला,” दादा म्हणाला. “घोरू दे.”