लेकीच्या लग्नात माझा शेगडा

माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न पंचवीस मिनिटं उशिरा लागलं, कारण लग्नाच्या अंगठ्या मी टेबलाला स्क्रूने ठोकून ठेवल्या होत्या.

मुद्दाम नाही. मुद्दाम करायला अक्कल लागते.

तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झालो आणि आरोंद्याच्या घरी मागच्या पडवीत एक वर्कशॉप काढलं. वर्कशॉप म्हणजे माझ्या वडलांचं जुनं, फणसाच्या लाकडाचं जेवणाचं मेज, भिंतीवर ओळीने टांगलेली हत्यारं आणि एक स्टूल. या वर्कशॉपमध्ये दोन वर्षांत एकही वस्तू तयार झाली नव्हती. त्याचं कारण मला पक्कं ठाऊक होतं. शेगडा नव्हता! फिटर लोक ज्याला वाईस म्हणतात, तो लोखंडी जबड्याचा शेगडा. वस्तू धरून ठेवणारं कोणी नसेल तर माणूस काम करणार कसं?

"मी धरतंय मा," माझी बायको फिलोमिना म्हणायची. एकदा तिने धरलं होतं. मी करवत चालवली. त्यानंतर आठवडाभर ती डाव्या हाताने जेवली. म्हणून शेगडा.

लग्नाला चार दिवस उरले असताना मला कोणत्याही कामाला हात लावायची बंदी झाली. (मंडपवाल्याला मी मंडपाच्या कर्णाची लांबी काढून दिली होती. तो काम सोडून निघाला होता.) "तुमी खंयतरी जावा बघू!" असं बायकोने हात जोडून सांगितल्यावर मी सावंतवाडीला हार्डवेअरच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने तीन शेगडे काढले. एक सुताराचा, एक पायपाचा आणि तिसरा सगळ्या कामांचा. हा बुडावर गोल फिरायचा, डोकं आडवं करायचा, पोटात पाइप धरायचा आणि पाठीवर ऐरण घेऊन बसायचा.

"तुमका करूचा काय आसा?" दुकानदाराने विचारलं.

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती.

"सगळाच," मी म्हणालो.

"सगळा म्हणजे?"

"म्हणजे... जा काय येतला ता."

ज्याला काहीच करता येत नाही त्याने सगळं करणारा शेगडा घ्यावा, हे मला तिथेच पटलं. तो मांडीवर घेऊन मी एसटीने आलो. उतरेपर्यंत पाय कमरेपासून खाली माझे राहिले नव्हते.

आमच्या शेजारी बाबल मेस्त्री राहतात. चाळीस वर्षं सुतारकी केलेला माणूस. शेगडा बघून ते कुंपणापाशी आले. "मास्तर, बसवूक येव काय? जरा बघून बसवूक होयो तो."

"नको मेस्त्री," मी म्हणालो. "ह्या गणिताचा काम आसा."

हे वाक्य आठवलं की आजही मी पांघरूण डोक्यावरून घेतो.

लग्नाच्या आदल्या दुपारी बायका घरात नारळाच्या रसाचं गोड दोदोल ढवळत होत्या आणि मी पडवीत शेगडा बसवत होतो. दुसऱ्या दिवशी जावयाची गोव्याची मंडळी घरी येणार. त्यांना नुसती हत्यारं काय दाखवायची? माझा अभ्यास पूर्ण होता. शेगडा मेजाच्या मधोमध बसवायचा नसतो, पायाच्या डोक्यावर कोपऱ्यात बसवायचा, म्हणजे मेज थरथरत नाही. पुढचा जबडा कडेच्या जरा बाहेर ठेवायचा, म्हणजे लांब फळी उभी धरता येते. सगळं अचूक मोजलं. चार जाड स्क्रू घेतले, चार-चार इंच लांबीचे. मेजाची फळी दोन इंच, शेगड्याचं बूड अर्धा इंच. उरलेला दीड इंच कुठे जाणार, हा प्रश्न दुसरीतल्या मुलालाही पडला असता. मी दहावीला शिकवायचो.

त्या कोपऱ्यात, पायाला लागूनच, फळीखाली एक खण होता.

ड्रिल पलीकडे गेल्यावर हाताला एकदम मऊ लागलं. 'वा! फणसाचं लाकूड!' मी मनात म्हणालो. मग स्क्रू पिळले. आणि तो सात पिढ्या हलता कामा नये म्हणून प्रत्येक भोकात दोन नळ्यांचा तो दगडासारखा घट्ट होणारा गोंद ओतला. शेगड्याचा दांडा धरून मी हिसका दिला. घर हललं, शेगडा हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हातून काहीतरी कायमचं झालं होतं.

लग्न चारचं, वेंगुर्ल्याच्या चर्चमध्ये. दोन वाजता सगळे तयार. दारात गाडी उभी. माझी लेक जेनी पांढरा गाऊन घालून ओट्यावर उभी होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो, कारण बघितलं की डोळे भरत होते. तेवढ्यात पडवीतून फिलोमिनाची हाक आली.

"ओ! ह्यो खण कित्याक उघडत नाय?"

"कसलो खण?"

"तुमच्या मेजाचो! अंगठये आसत तेच्यात!"

मी पडवीत धावलो. "अंगठये? माझ्या मेजात? थंय कित्याक ठेवलंस गो?"

"घर पावण्यांनी भरलाहा. जंय कोण म्हणजे कोण हात लावणा नाय अशी एकच जागा घरात आसा, म्हणान थंय ठेवलंय!"

दोन वर्षं कोणी हात लावला नव्हता, हे खरं होतं.

मी खण ओढला. पुढचे दोन स्क्रू फळीतून थेट खणाच्या तोंडच्या पट्टीत शिरले होते. खण आणि मेज आता एकच वस्तू होती. मी पाना लावला. पाना मापाचा नव्हता (हवं ते माप सोडून भिंतीवर सगळी मापं होती). दोन हिसक्यांत स्क्रूंची षट्कोनी डोकी गोल झाली. आता त्यांना जगातला कुठलाच पाना धरणार नव्हता.

"सोडवा मा ते," फिलोमिना म्हणाली.

"सुटणत नाय. गोंद घातलंय."

"कित्याक?"

"सुटा नये म्हणान."

कोट काढला, लोखंडाची करवत घेतली आणि खणाच्या फटीत घालून स्क्रू कापायला लागलो. अर्धा तास झाला. दोन पाती मोडली. पडवीच्या दारात रेशमी साड्या, टाय आणि अत्तरांचा घमघमाट जमला होता. एक गोव्याचे काका म्हणाले, "खंयचो खेळ हो?" कोणी हसलं नाही. घामाचे थेंब मेजावर पडत होते आणि मला वाटत होतं, हे मेज उलटून माझ्याच अंगावर पडावं आणि सगळं एकदाचं संपावं.

मग गाऊनची सळसळ ऐकू आली. जेनी येऊन शेजारी उभी राहिली. शेगड्याकडे बघत राहिली.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "कालच बसवूचो होतो काय रे हो?"

लहानपणी पाढा चुकला की मी तिला असाच हळू आवाजात विचारायचो. मान वर करता आली नाही. करवत चालवत राहिलो, कारण थांबलो असतो तर रडलो असतो.

शेवटी फिलोमिनाने कुंपणावरून हाक मारली. बाबल मेस्त्री लग्नालाच निघाले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीची घडी, केसांना तेल. त्यांनी मेजाकडे बघितलं, शेगड्याकडे बघितलं, माझ्याकडे मात्र बघितलं नाही. (एवढा चांगला माणूस.) मग त्या इस्त्रीच्या कपड्यांनिशी मेजाखाली उताणे झोपले.

"हातोडी."

दिली.

टक, टक. खणाचा तळ म्हणजे चार खिळ्यांवर बसलेली एक पातळ फळी होती. ती निघाली आणि खणातलं सगळं मेस्त्रींच्या छातीवर पडलं. पेन, बिलं, जुनं कुलूप. अंगठ्यांची लाल मखमली पेटी तेवढी पडली नाही. ती वर स्क्रूला लटकत होती.

"दोन मिनटांत सोडवल्यान," कोणीतरी मागे घड्याळ बघून म्हणालं.

मेस्त्रींनी पेटी स्क्रूवरून अलगद काढली, उघडली आणि आत डोकावून बघितलं.

"मोडले काय?" मी विचारलं.

"नाय मास्तर. स्क्रू दोघांच्या बरोबर मधून गेलोहा." ते अंगावरचा भुसा झाडत उठले. "नवरो-व्हकल दोन बाजूक आणि मधे सासरो."

पडवी फुटली! गोव्याचे काका तर भिंत धरून हसत होते. जेनीही हसली, डोळ्यांतलं काजळ सांभाळत. मी कोट उलटा घातला, तो गाडीत बसल्यावर सरळ केला.

चार वाजून पंचवीस मिनिटांनी मी लेकीचा हात धरून चर्चच्या मधल्या वाटेने चालत होतो. दोन्ही बाजूंना माणसं वळून बघत होती. बातमी आमच्या आधी पोचली होती. मी नाक ओढलं.

"पप्पा, आता रडा नको," जेनी ओठ न हलवता म्हणाली. "आदीच उशीर झालोहा."

पाद्रींनी आशीर्वादासाठी पेटी उघडली. आतून फणसाचा पिवळा भुसा वेदीच्या पायरीवर सांडला. पाद्रींनी अंगठ्यांवर फुंकर मारली आणि मग आशीर्वाद दिला. जावई ऑल्विनच्या अंगठीवर आतून एक बारीक ओरखडा होता. त्याने तो पाहिला आणि अंगठी घालून घेतली. गुणी मुलगा.

मला त्याची भरपाई करायची होती. महिन्याभराने आम्ही त्यांच्या म्हापशाच्या घरी गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरात मसाल्याच्या बरण्यांना जागा नाही. मी उठून भिंतीवर बोटांनी टकटक केली आणि म्हणालो, "हंय एक फळी मारली तर बरी दिसतली. घरात ड्रिल आसा काय?"

ऑल्विनने जेनीकडे बघितलं. जेनीने छताकडे बघितलं. मग तो अदबीने उठला, माझा हात भिंतीवरून काढून स्वतःच्या दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला,

"पप्पा, तुमी बसा. घर भाड्याचा आसा."