हेडफोनवर पण स्टिकर होतं

माह्यं काम सोपं आहे असं सारे म्हणते. कंपनीत जे सामान येते त्याले नंबरचं स्टिकर लावायचं, लॅपटॉपले, माउसले, चार्जरले, खुर्चीले पण, अन् कोणाले काय दिलं ते कंप्युटरवर भरायचं, अन् माणूस नोकरी सोडून गेला का ते सारं त्याच्याकडून परत घ्यायचं. हे झालं दिसणारं सामान. न दिसणारं पण असते. सॉफ्टवेअर असते, ते माणसामागे भाड्यानं घेतलेलं असते. अन् क्लाउड असते, मतलब दुसऱ्या कोण्या कंपनीच्या मोठ्या मशिनींवर आपण जागा घेतो अन् साऱ्यांचे मेल, फोटो, कागद तिथी राहते. माणूस गेला का त्याचं तिथलं खातं बंद करा लागते, नाही तर गेलेल्या माणसाचं भाडं कंपनी भरत राहते. ऑफिसातले सर हे समजावून सांगत तवा मी नुसती मान हालवत राहो, अन् आतून भेव वाटे का आता उलटून विचारतीन. मी दहावीत इंग्रजीत नापास झाली अन् मंग लग्नच झालं, कंपनीत आली ते बी झाडूपोछ्याच्या कामावर आली होती, स्टिकर लावायले कोणी नव्हतं म्हणून मले बसवलं.

एका दिवशी एक प्रोजेक्ट बंद झाला अन् बम, ढीगभर लोकं कामावरून कमी केले. घरून काम करणारे होते सारे, त्याच्यातले कित्येक जण कधी ऑफिसात आलेच नव्हते. सर म्हणाले, "आज लॉक तू कर, शिकून घे." नावावर जायचं, बटण दाबायचं, हो म्हणायचं, का त्या माणसाचा लॅपटॉप तो कुठं बी असो, तिथल्या तिथी बंद होऊन जाते. त्याच्यावर फक्त एवढंच दिसते का हे मशीन कंपनीचं आहे, या नंबरवर फोन करा. तो नंबर माह्याच टेबलावरचा. मी पटापट दाबत गेली. सर म्हणाले, "वा, हात बसला तुझा." घरी येऊन मी नवऱ्याले सांगतलं का आज मी स्टिकर नाही लावले, आज मी कंप्युटरचं काम केलं. तो म्हणे, "मंग आता तुले मॅडम म्हणा लागीन." मी हासली.

बहुतेकांनी सामान कुरिअरनं पाठवून दिलं. काहींनी नाही पाठवलं. त्याहीचे नावं कंप्युटरवर लाल दिसते, अन् ते लाल हटत नाही तवापर्यंत सरले वरून बोलणे बसते अन् मंग सर मले बोलते. दोन घरी मी गेली होती, एका घराले कुलूप होतं अन् दुसऱ्या घरचा माणूस पुण्याले निघून गेला होता. तिसऱ्या वेळी सर म्हणाले, "काटोलच्या पुढं एक गाव आहे, तिथला मुलगा फोन उचलत नाही. घरी जाऊन आण. पुन्हा खाली हात आलीस तर मी बाइकवाला कोणी ठेवतो तुझ्या जागी." अन् मंग हासून म्हणाले, "लेकरू घेऊन जा कडेवर, कोणी दारातून हाकलणार नाही."

त्याहीनं गंमत केली होती. पण माही सासू पारशिवनीले नणंदेकडे गेली होती अन् लेकराले ठेवायले खरंच कोणी नव्हतं, मंग मी त्याले घेऊनच गेली. बसमध्ये तो माह्या अंगावर ओकला. मी बाटलीच्या पाण्यानं ओढणी धुतली, बाजूची बाई नाक दाबून खिडकीकडे पाहत राहिली, मी तिले सॉरी म्हटलं, तिनं आयकलंच नाही. काटोलले उतरून दुसरी गाडी पकडली अन् फाट्यावरून पायी निघाली, दोन्ही बाजूनं संत्र्याच्या बागा, मोटारपंपाचा आवाज, अन् मी चालता चालता मनात पाठ करून राहिली का दारात गेल्यावर पहिले काय बोलायचं. मी ऑफिसातून आली. लॅपटॉप घ्यायले आली. एवढंच तर बोलायचं होतं.

दारात त्या पोट्ट्याचे बाबा खाटेवर बसले होते. मी म्हटलं, "काकाजी, मी नागपूरवरून आली, ऑफिसातून." ते पटकन उठले, तोंडावर बोट ठेवलं अन् हळूच म्हणाले, "मीटिंगमध्ये हाय तो. बसा बाई, बसा."

मले काही समजलं नाही. त्याले काढून तर कितीक दिवस झाले होते.

आतून काकू आली, तिनं माह्या कडेवरून लेकरू घेतलंच सरळ. "ये वं बाई, उन्हातून आली, लेकरू कसं लाल झालं पाय." अन् ते पण हळूच बोलून राहिली. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं अन् तिथून आवाज येत होता, "येस सर. ओके सर. आय विल चेक." मंग चूप. मंग पुन्हा, "येस सर."

काकू म्हणाली, "दिवसा आम्ही मिक्सर बी नाही लावत बापा, पाट्यावर वाटते मी. आवाज जाते म्हणे तिकडं."

काका म्हणाले, "गाईले बी सांगून ठेवलं हाय, साहेब कामावर हाय, हंबरू नको. ते आयकत नाही. दहावी नापास हाय ते."

"तुम्ही तिच्याच वर्गात होते ना," काकू म्हणाली.

काका तोंडावर हात ठेवून हासले, आवाज नाही होऊ दिला. मी पण हासली, मले हासावंच लागलं. मी तवाच सांगाले पायजे होतं. पण काका विचारून राहिले का कंपनी किती चांगली आहे, घरापर्यंत माणूस पाठवते, काही बक्षीस वगैरे हाय का पोराचं, अन् मी म्हटलं, नाही काकाजी, कंप्युटरचं थोडंसं काम आहे. मीटिंग संपत नव्हती. काकूनं ताट वाढलं, ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वरून तेल. मी नाही म्हटलं तर ते म्हणाली, "अंगावर पिते ना लेकरू? मंग नाही कायले म्हणते." मी जेवली. दोनदा भाजी घेतली. भूक लागली होती, सकाळपासून चहावर होती मी. आतून "ओके सर" येत होतं अन् मी भाकर मोडत होती.

मंग काकानं दार हळूच उघडून त्याले सांगतलं का ऑफिसातून मॅडम आल्या. तो बाहेर आला, पांढरा शर्ट घालून, भांग पाडून, गळ्यात हेडफोन. माह्या गळ्यातली ऑफिसची पट्टी पाहिली त्यानं, अन् तोंडावरचं सारं रक्त उतरून गेलं. तरी पण म्हणाला, "या ना, इकडं या, दाखवतो," जसं काही आमचं ठरलेलंच होतं.

खोलीत टेबल होतं, त्याच्यावर धुतलेलं कापड, कापडावर लॅपटॉप. स्क्रीनवर ते होतं. हे मशीन कंपनीचं आहे, या नंबरवर फोन करा. खाली माह्या टेबलावरचा नंबर.

मी विचारलं, "कवापासून असा आहे?"

"तुमच्या ऑफिसनं लॉक केला तवापासून."

त्याले काय माहीत का ते बटण कोणं दाबलं. अन् मी सांगतलं नाही.

तो म्हणाला, "बाबाले सांगणारच होतो. बागेचा माल निघाला का सांगतो म्हटलं. मंग माल निघाला तर ते खुश होते. मंग आईची शुगर वाढली. मंग..." तो दाराकडं पाहून पुन्हा जोरानं म्हणाला, "हो, चार्जर पण चेक करून घ्या." अन् मंग एकदम हळू, "ताई, आठ दिवस ठेवू द्या. तसा बी बंदच आहे. कोणाच्या काय कामाचा?"

मले खरंच वाटलं का ठेवू द्यावं. अन् त्याच्याच मांगं मले सरचा आवाज आला, पुन्हा खाली हात आलीस तर. मले झाडूपोछ्यावर पण परत नाही घेतलं तर काय, नवऱ्याचं काम कधी असते कधी नसते. मी म्हटलं, "नाही जमत दादा. मले न्याच लागते."

त्यानं चार्जरची वायर नीट गुंडाळली, माउस ठेवला, बॅगची चेन लावली. मी म्हटलं, "हेडफोन."

"हेडफोन पण?"

"त्याच्यावर पण स्टिकर आहे."

त्यानं गळ्यातला काढून दिला. आतल्या बाजूनं स्टिकर होतं, मीच लावलेलं असन, जरा तिरपं होतं. ते कानावरचे गोल कुशन गरम होते अजून.

बाहेर काकानं बॅग माह्या हातात पाहिली. पोट्टा म्हणाला, "जुना झाला होता बाबा. हा घेऊन जाऊन राहिल्या, नवा पाठवणार आहेत."

"कवा?" काकानं त्याले नाही, मले विचारलं.

सारे माह्याकडे पाहून राहिले होते. मी म्हटलं, "पाठवू काकाजी."

"तवापर्यंत याचं काम खोळंबते ना. याच्या पगारातून तर नाही ना कापत?"

"नाही काकाजी."

काकानं माहा नंबर घेतला. काकूनं लेकराच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला अन् फाट्यापर्यंत काका सोडायले आले, बॅग स्वतःच्या खांद्यावर घेऊन, दगड आला का मले म्हणे, सांभाळून बाई. बसमध्ये ते बॅग माह्या मांडीवर अन् लेकरू बॅगवर झोपलेलं, अन् मी नागपूर येईस्तोवर खिडकीतूनच पाहत राहिली.

सर खुश झाले. नावावरचं लाल गेलं, हिरवं झालं. लॅपटॉप पुसून साफ केला, आतलं सारं उडवलं, नवीन पोरगी कामावर आली होती तिले देऊन टाकला. मी नवं स्टिकर लावलं.

काकाचे फोन येऊ लागले. पहिला मी उचलला अन् म्हटलं, येते काकाजी, थोडा टाइम लागते. त्याच्यानंतर नाही उचलला. फोन वाजे तवा माह्यं लेकरू फोन उचलून माह्याकडे आणून दे, त्याले वाटे मले पायजे. मी उलटा करून ठेवो. नवऱ्यानं विचारलं, "कोण आहे एवढा फोन करणारा?" मी म्हटलं, कंपनीवाले असते. त्यानं एकदा उचलला, तिकडून काका म्हणाले, मॅडमले म्हणा पोरगं नुसतं बसून राहते जी, जेवत बी नाही बराबर. नवरा मले म्हणे, "देऊन टाक ना वं त्याचा लॅपटॉप. एवढं काय त्याच्यात." मी त्याच्यावरच चिडली.

मंग एका दिवशी गेटवरच्या वॉचमननं बोलावलं. काका उभे होते. धुतलेला पायजमा, टोपी, हातात मोठी पिशवी. मले पाहून हात जोडले. माह्यापेक्षा एवढे मोठे अन् मले हात जोडले.

म्हणाले, "बाई, रागावू नका. म्हटलं तुम्हाले पाठवायले टाइम नसन, मंग आपणच जाऊन घेऊन येतो. पोराले सांगतलं नाही मी, बाजाराले जातो म्हटलं." अन् पिशवी उघडून दाखवली. आत गोधडी होती घडी केलेली. "बसमध्ये दचके लागते ना. याच्यात गुंडाळून नेतो, काही होत नाही त्याले."

माह्यानं गोधडीकडे पाहवेना. वॉचमन आयकून राहिला होता म्हणून मी त्याहीले बाजूनं झाडाखाली नेलं. अन् सांगतलं. कसं सांगतलं ते आता सारं आठवत नाही, एका दमात सांगतलं, का काकाजी नवा येत नाही, त्याले कामावरून कमी केलं, खूप जणाले केलं, त्याचा काही दोष नाही, प्रोजेक्टच बंद झाला, तो बंद लॅपटॉपसमोर बसत होता. लॉक मी केला होता हे पण सांगून टाकलं, त्याहीले लॉक काय ते समजलं का नाही माहीत नाही.

त्याहीनं टोपी काढली, पुन्हा घातली. मंग विचारलं, "आमच्या घरी जेवायले बसल्या होत्या, तवा माहीत होतं तुम्हाले?"

"हो काकाजी."

"बरं," ते म्हणाले. रागानं नाही म्हणाले. पिशवीचं तोंड बंद केलं, पुन्हा उघडलं, गोधडी आत दाबून बसवली. मंग म्हणाले, "आता एक सांगा. तुम्ही शिकलेल्या हायत. मी घरी जाऊन मले माहीत हाय असं सांगू, का माहीत नाही असंच राहू? तो तर उद्या बी शर्ट घालून बसन."

मी शिकलेली नाही हे पण मी त्याहीले सांगू शकली नाही. मी म्हटलं, "सांगा काकाजी. म्हणा, ते ऑफिसवाली बाई बोलली. माह्यावर टाका सारं."

ते माह्याकडे पाहत राहिले. "तुमच्यावर कायले टाकू? तुम्ही कोण त्याच्या?"

असं म्हणून ते गेले, रस्ता ओलांडून, पिशवी काखेत धरून. पाणी पण विचारलं नाही मी त्याहीले.

त्याहीनं घरी जाऊन काय केलं मले माहीत नाही. काकू आता मिक्सर लावते का पाट्यावरच वाटते, माहीत नाही. त्याच्यानंतर त्या नंबरवरून फोन आला नाही. पहिले काही दिवस फोन वाजला का मी आधी नंबर पाहो, आता ते पण पाहत नाही, मी निवांत उचलते. फोन येत नाही याचं मले बरं वाटते. नवऱ्यानं एकदा विचारलं, "त्याचा लॅपटॉप दिला वाटते?" अन् मी हो म्हटलं.