आईनं पाहिलेला समुद्र

काल नंदनवन वस्तीतल्या माझ्या फ्लॅटमध्ये शेजारून सुकट भाजल्याचा वास आला आणि किनाऱ्यावरच्या नोकरीतली एक संध्याकाळ आठवली.

उपग्रहानं मोजलेली समुद्राची उंची बरोबर आहे का, हे मी धक्क्यावरच्या भरतीमापकाशी ताडून पाहायची. उपग्रहानं किनाऱ्यालगत घेतलेली मोजमापं हमखास बिघडायची, ती शोधून बाजूला काढायची. आई रामटेकहून पहिल्यांदाच माझ्याकडे आली होती.

"चाल नं वं, समुद्र दाखव मले," ती म्हणाली.

"थोडे आकडे राहिले, आई. तू हो पुढं, मी आलीच."

आकडे जुळेनात आणि मी काही गेले नाही. दिवेलागणीला तीच परतली. लुगड्याचा काठ ओला होता, पायांना वाळू चिकटली होती.

"कसा वाटला?" मी संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"भेव वाटलं वं. एवढं पाणी, अन् ओळखीचं कोणीच नाही."

मी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिची परतीची गाडी होती.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. घरात मी एकटीच असते. त्या संध्याकाळी ती वाळूत किती वेळ माझी वाट पाहत उभी होती, हे मी तिला कधी विचारलंच नाही.