कंबरेच्या वरची कुस्ती

युद्धावरून परतल्यावर आमच्या भाऊजींनी नमस्काराखेरीज कुणाच्या पायाला हात लावला नाही. पोशीरच्या लोकांना याची भारी गंमत वाटे. पैलवान माणूस, समोरच्याचा पाय ओढून पट काढत नाही म्हणजे काय! पण भाऊजी पलटणीबरोबर इटलीत असताना तिकडची कुस्ती शिकले होते. तिच्यात कंबरेखाली हात लावला की डाव बाद. छातीला छाती लावायची, पाठीमागे हात जुळवायचे आणि गडी उचलून टाकायचा. त्या कुस्तीत ते साऱ्या छावणीत पहिले आले होते.

घरातही तीच सवय. भाताचं पोतं पाठीवर न घेता मिठी मारून उचलत. मी थोरली भावजय, मला थट्टेचा हक्कच. म्हणायची, "भाऊजी, आता पोत्याशीच लगीन लावा." ते लाजून म्हणत, "पोतं बरं वैनी, भांडत तरी नाय."

एकदा पाटाच्या चिखलात म्हशीचं रेडकू रुतलं. चौघे पाय धरून ओढत होते आणि ते ओरडत होतं. भाऊजींनी सगळ्यांना बाजूला केलं, रेडकाला पोटाशी कवटाळलं आणि अलगद बांधावर ठेवलं.

मामंजींना मात्र यातलं काही रुचत नसे. ते गावच्या तालमीचे वस्ताद. मुलाला पहिला डाव त्यांनीच शिकवला होता. भाऊजींनी छावणीत जिंकलेला बिल्ला पुढे ठेवला, तर मामंजींनी तो उलटासुलटा करून पाहिला. "असली बिल्लं खालापूरच्या बाजारात मिळत्यात. माझ्या डोळ्यांदेखत जिंक, मग मानीन." भाऊजींनी बिल्ला उचलून खिशात टाकला. छावणीभर टाळ्या मिळवलेल्या माणसाला या एका म्हाताऱ्याचं 'शाब्बास' हवं होतं, एवढंच.

गावच्या जत्रेत शेवटची, मानाची कुस्ती भाऊजींची लागली. समोर खोपोलीच्या वीजघरात कामाला असलेला पैलवान. बायकांच्या घोळक्यातून मी पाहत होते. भाऊजींनी त्याला दोनदा उचललं, दोन्ही वेळा तो निसटला. मग तो तोल जाऊन असा उभा राहिला, की त्याचा पाय भाऊजींच्या हाताशीच आला. सारं गाव ओरडलं, "पट काढ!" मामंजींचा आवाज सगळ्यांच्या वर होता. भाऊजींचा हात गुडघ्यापर्यंत गेला आणि थबकला. तेवढ्यात त्या गड्याने भाऊजींचाच पाय ओढला. पाठ मातीला लागली.

मामंजी फेटा सावरत उठले आणि वळून न पाहता घरी आले. "तिकडचं जिंकणंबी खोटंच असंल," ओटीवर बसून एवढं बोलले आणि त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. जेवण वाढताना भाऊजी मला म्हणाले, "हात पुढं गेलाच नाय, वैनी. इतकी वरसं आवरून धरला त्यो." त्या दिवशी मला थट्टा सुचली नाही. पुढे ते आखाड्याकडे फिरकले नाहीत.

मग मामंजींना अर्धांग झालं. ओटीवर न्यायचं तर दोघे खांदे धरत, दोघे पाय, आणि ते कळवळत. एका सकाळी भाऊजी खाली वाकले, त्यांनी मामंजींच्या काखेतून हात घालून पाठीमागे जुळवले आणि त्यांना छातीशी धरून उचललं. मामंजींच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. पुढे रोज तसंच. एवढ्या जवळ दोघे, पण बोलणं नाही. बघून माझा जीव तुटायचा.

भाताची कापणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मी चहा घेऊन मागे उभी होते. भाऊजींनी उचललं आणि खांद्यावरून मामंजींचा जड झालेला आवाज आला, "तिकडं असंच धरायचास व्हय रं?"

"व्हय, बा."

थोडा वेळ ते तसेच टेकून राहिले. जन्मभर पोरांच्या पकडी तपासलेला वस्ताद तो. म्हणाले, "ह्याच्यातून कोन सुटंल? जिंकलाच असशील तू."

भाऊजींनी त्यांना ओटीवर बसवलं, गोठ्यामागे गेले आणि हमसून हमसून रडले. मीही रडले, चहा पार निवून गेला.

कापणी संपायच्या आतच मामंजी गेले. तिरडी अंगणात बांधली होती. गावातले चौघे आत आले, दोघे पायांकडे वाकले.

"पायाला कुनी हात लावू नका," भाऊजी म्हणाले.

त्यांनी एकट्यानेच वडिलांना छातीशी धरून उचललं आणि अंगणात नेलं. मामंजींचं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं होतं, रोजच्यासारखं.